सदर सॉफ्टवेअर बंद करू नये

माझं डोकं पटकन तापतं, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी नावं ठेवायला नको. भोरला आमचं गाद्यांचं दुकान आहे. पुढच्या बाजूला नवरा गाद्या भरतो, शिवतो आणि विकतो. मागच्या खोलीत मी गाणी रेकॉर्ड करते. खोलीच्या भिंतींना आतून जुन्या गाद्या ठोकल्यात, त्यामुळं बाहेरून एसटी बोंबलत गेली तरी माईकला पत्ता लागत नाही. लोक म्हणतात, काय डोकं लढवलंय! कसलं डोकं? गिऱ्हाइकांनी बदलून टाकलेल्या गाद्या ठेवायला जागा नव्हती, म्हणून भिंतीवर चढवल्या.

या खोलीत गेली पंधरा वर्षं मी एकाच सॉफ्टवेअरवर काम करतेय. भजनी मंडळं, शाळांची स्वागतगीतं, पोवाडे, सगळं त्यातच. त्याची बटणं मला डोळे मिटून सापडतात आणि स्वयंपाकघरातला हळदीचा डबा डोळे उघडे ठेवूनही सापडत नाही, असं आमच्या ह्यांचं म्हणणं. म्हणू दे. त्यांना तरी कुठं सापडतो!

तर गेल्या वर्षी पावसाळा सरत आला तेव्हा आमच्या ग्रुपवर बातमी पडली की हे सॉफ्टवेअर बंद होणार. ग्रुप म्हणजे मोबाईलवरचा, आणि आम्ही चौघंच. एक मी. एक नसरापूरचा हळदीवाला, तो नवरा-नवरीची नावं घालून हळदीची गाणी बनवून देतो. एक सारोळ्याचा जाहिरातवाला, म्हणजे टेम्पोवर भोंगा लावून जे द्राक्षं आणि चादरी विकत फिरतात, त्यांच्या भोंग्यातला आवाज याचा. आणि पानशेतचे सर. शाळेतून निवृत्त झाल्यावर ते मुलांसाठी बालगीतं रेकॉर्ड करायला लागले. चौघांचं सॉफ्टवेअर एकच, म्हणून चौघांचा जीव एकाच वेळी टांगणीला लागला.

बातमी आणली सारोळेवाल्यानं. तो नुसतं "पाणी प्या" म्हणाला तरी गावात दवंडी पिटल्यासारखं वाटतं. त्यानं सांगितलं की कंपनी विकली गेलीय. दुसऱ्या दिवशी म्हणाला, विकली नाही, पण विकणार आहेत. नसरापूरवाल्याचं म्हणणं पडलं, बंद नाही करणार, महिन्याच्या महिन्याला भाडं लावतील. सर म्हणाले, सगळं इंटरनेटवर नेऊन ठेवतील, म्हणजे रेंज असेल तरच गाणं. पानशेतला रेंजसाठी सर गच्चीवर जातात, आता तबला घेऊन जावं लागणार म्हणून ते हवालदिल झाले. कुणी म्हणालं, पुढच्या वर्षी मशीनच गाणार, माणसाची गरजच नाही. त्यावर मी लिहिलं, "मग मशीनलाच घोटभर चहा पाजा आणि आमचं भजनी मंडळ घरी पाठवा." मला राग आला होता, पण खरं सांगायचं तर मजाही येत होती. चौघंही दिवसभर मोबाईलला चिकटून. काम शून्य!

मग एका सकाळी सारोळेवाल्याचा निरोप आला, तोही बोलून पाठवलेला, भोंग्याच्या आवाजात. "सावधान! कॉम्प्युटर नेटला जोडून चालू केला की सॉफ्टवेअरला आपोआप कुलूप बसतंय. जुन्या फायली कायमच्या आत. खात्रीलायक बातमी." झालं. मी नेटची वायर उपटली, कॉम्प्युटर बंद केला आणि वरून नवाकोरा पलंगपोस घातला. कुणी चुकून बटण दाबायला नको. हळदीवाल्यानं, सरांनी आणि खुद्द सारोळेवाल्यानंही तेच केलं. सॉफ्टवेअर उद्या बंद पडेल म्हणून आम्ही ते आजच बंद करून बसलो, आणि आम्हा चौघा शहाण्यांपैकी एकाच्याही हे लक्षात आलं नाही.

दसऱ्याच्या आसपास दुकानात एक मावशी आल्या. वेल्ह्याकडून दोन गाड्या बदलून आल्या होत्या, पिशवीत घेवड्याच्या शेंगा. मी लगेच ओळखलं. त्यांचे मालक, त्यांना सगळी पंचक्रोशी आबा म्हणते, गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. सहा-सात वर्षांपूर्वी ते मंडळ माझ्याकडं एक गजर रेकॉर्ड करायला आलं होतं. तो गजर अजून त्या भागातल्या निम्म्या मोबाईलमध्ये वाजतो.

"ताई, ह्यांच्या अंगावरनं वारं गेलं उन्हाळ्यात," मावशी टेकता टेकता म्हणाल्या. "पाय सुदारला. डावा हात काय उचलत न्हाई. बोलाय येतंया, पर जीभ जड झालीया. एकदा कुणीतरी हसलं, तवापासनं बोलतच न्हाईत. नुसतं भिताडाकडं बघत बसत्यात."

आबा आणि गप्प? माझ्या खोलीत आले होते तेव्हा माईकची जागा मला तीनदा बदलायला लावली होती त्यांनी.

"आता कोजागिरीला काकडा सुरू हुतोय," मावशी म्हणाल्या. काकडा म्हणजे महिनाभर रोज पहाटे देवळात भजन, कार्तिकी पौर्णिमेपर्यंत. "पखवाजाला माणूस न्हाई. मंडळी नुसत्या टाळावर म्हणणार. मला सांगा, तुमच्या त्या कॉम्प्युटरात ह्यांचा पखवाज येगळा हाय ना? गाण्याबिगर?"

"आहे."

"तेवढा काढून द्या. देवळात त्यो लावून मंडळी म्हणतील. सोताचा पखवाज वाजतुया म्हणल्याव ह्ये बघाया तरी येतील. एकदा उंबऱ्याच्या भाईर पडू द्यात, मग बघते मी."

मागणं एवढंच होतं. आणि ते माझ्याशिवाय कुणी पुरं करू शकत नव्हतं. मोबाईलवरच्या गाण्यात सगळे आवाज एकजीव झालेले, त्यातून पखवाज वेगळा निघत नाही. तो सुटा होता फक्त माझ्या कॉम्प्युटरमध्ये, त्या सॉफ्टवेअरच्या फायलीत. मी मावशींना आत नेलं. पलंगपोसाखालचा कॉम्प्युटर बघून त्यांनी हळूच विचारलं, "आजारी हाय व्हय?"

"आजारी नाही. पडू नये म्हणून झाकलाय."

मी त्यांना कंपनी, कुलूप, नेट असं बरंच काही समजावून सांगितलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, शेंगा टेबलावर ओतल्या आणि पिशवीची घडी घालत म्हणाल्या, "तुमास्नी ठावं. पर कार्तिकी पुनवंच्या आत बघा." त्या गेल्यावर मला माझीच लाज वाटली. आणि लाज वाटली की माझा राग वाढतो.

त्या रागातच मी चौघांची सभा बोलावली. नसरापूरला हायवेजवळच्या एका हॉटेलात, दुपारी, मिसळ खात. मी म्हटलं, अंदाज पुरे झाले, आता कंपनीलाच विचारू. सरांनी हात वर केला, शाळेतली सवय. म्हणाले, नुसतं विचारून कुणी दाद देत नाही, रीतसर ठराव पाहिजे. सरांनी आयुष्यात पाण्याच्या टाकीपासून शाळेच्या पत्र्यांपर्यंत सगळं ठरावानं मिळवलंय, त्यामुळं त्यांच्यापुढं बोलायची सोय नव्हती. माझ्या पिशवीत दुकानाचं लेटरहेड होतं, त्यावर त्यांनी वळणदार अक्षरात लिहिलं: "आज रोजी नसरापूर मुक्कामी भरलेल्या सभेत सर्वानुमते ठराव करण्यात येतो की, सदर सॉफ्टवेअर बंद करू नये. तसेच जुन्या फायली उघडण्याची सोय कायम ठेवावी." सूचक हळदीवाला, अनुमोदक सारोळेवाला. खाली चौघांच्या सह्या.

"शिक्का?" सर म्हणाले.

"कसला शिक्का?"

"शिक्क्याशिवाय ठराव म्हणजे चिठ्ठी."

शिक्का होता तो आमच्या गाद्यांच्या दुकानाचा. तोही पिशवीतच होता. मारला. सरांना एक प्रत तहसीलदारांना पाठवायची होती, त्यांना आम्ही मिसळीचा आणखी एक पाव देऊन थांबवलं. कागदाचा फोटो काढला आणि हळदीवाल्यानं तिथंच मोबाईलवरून कंपनीच्या पत्त्यावर धाडला. मला एवढं हलकं वाटलं म्हणून सांगू! येताना मी शेअर रिक्षात बसून गुणगुणत आले.

काकडा सुरू झाला. उत्तर नाही. दिवाळी आली, फराळ झाला, दिवाळी गेली. मावशींचा दर दोन दिवसांनी फोन, त्यात तक्रार कधीच नाही. "झालं का वो?" एवढंच. मी म्हणायची, "उत्तर येऊ द्या, मावशी." मागून टीव्हीचा आवाज यायचा, आबांचा कधी नाही. पौर्णिमेला पाच दिवस उरले आणि उत्तर आलं.

हळदीवाल्यानं ते मराठीत करून ग्रुपवर टाकलं. मी ते उभ्यानं वाचलं आणि मग बसून वाचलं. कंपनीनं लिहिलं होतं की आपला संदेश मिळाला, आभारी आहोत, परंतु आमच्याकडं गाद्या बनत नाहीत, आपण चुकून आमच्याशी संपर्क साधलेला दिसतो, योग्य गादी मिळण्यासाठी शुभेच्छा!

अख्खा ठराव मराठीत. त्या कागदावर इंग्रजी काय ते लेटरहेडवरचं आणि शिक्क्यातलं, आणि तिथं होत्या गाद्या. तिकडच्या माणसानं बिचाऱ्यानं जे वाचता आलं ते वाचलं. आम्हा चौघांपैकी एकालाही असं वाटलं नव्हतं की ठराव समोरच्याला वाचता यायला पाहिजे. ठराव करायचा आणि शिक्का मारून पाठवायचा, एवढंच आम्हाला माहीत.

मी हसून हसून भिंतीवरच्या गादीला टेकले. हे पळत आले, काय झालं म्हणून. तेवढ्यात ग्रुपवर चर्चा सुरूसुद्धा झाली होती. सारोळेवाला म्हणाला, "उत्तर दिलं याचा अर्थ ऑफिस चालू आहे." सर म्हणाले, "‘शुभेच्छा’ हा शब्द मला निरोपाचा वाटतो." हळदीवाला म्हणाला, "आता नवीन ठराव कोऱ्या कागदावर करू, रविवारी बसायचं का?"

रविवारी! इथं माझं हसू संपलं आणि डोकं फिरलं. पाच दिवसांवर पौर्णिमा, तिकडं एक माणूस भिंतीकडं बघत बसलाय, आणि आम्ही शुभेच्छा शब्दाचा अर्थ लावतोय. मी ग्रुपवर लिहिलं, "गेलं खड्ड्यात! मी चालू करतेय." मोबाईल पालथा टाकला, पलंगपोस ओढून काढला. नेटची वायर जोडली नाही, तेवढी अक्कल शाबूत होती. बटण दाबलं.

हे दारात उभे. हातात गादी शिवायचा दाभण तसाच. कॉम्प्युटर घुरघुरला, पडदा उजळला. मी आबांच्या गजराची फाईल उघडायला घेतली तर मध्येच चौकट आली, इंग्रजीत. तुमचं व्हर्जन जुनं आहे, पुढं जायचं का? खाली दोन बटणं, हो आणि नाही. मी ह्यांच्याकडं बघितलं.

"काय म्हणतंय?" ह्यांनी विचारलं.

"पुढं जायचं का म्हणतंय."

"मग जा की! मागं जाऊन काय करणार आहेस?"

मी "हो" दाबलं. आणि उघडलं हो! सगळं जसंच्या तसं. वर गाणारे, मध्ये टाळ, पेटी, आणि खाली जाड लांब पट्टी, पखवाज. बाकी सगळ्यांचे आवाज बंद करून मी नुसता पखवाज लावला. पहिली थाप पडली आणि मला रडू फुटलं. दुकानाच्या मागच्या खोलीत, भर दुपारी, ढसाढसा. हे म्हणाले, "चांगलं वाजवतोय की म्हातारा, रडतेस काय?" आणि स्वतःच नाक ओढत पुढं गेले.

घाईघाईत मी मूळ पट्टी जशीच्या तशी काढून पेनड्राईव्हवर घेतली. पहिली दोन मिनिटं ऐकली, शेवटपर्यंत उतरलाय एवढं बघितलं आणि तिघांना फोन केले. तासाभरात तिघांचीही मशीनं चालू झाली. सारोळेवाला फोनवर एवढ्या मोठ्यानं "उघडलंऽऽ!" म्हणाला की दुकानातल्या गिऱ्हाइकानं वळून बघितलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही नवरा-बायको स्कूटरवरून मावशींच्या गावी गेलो, मुक्कामाला. वाटेत सगळीकडं भात कापून खाचरं मोकळी झालेली, पेंढ्याचा वास. आबा ओट्यावर होते. मला बघून त्यांनी मान हलवली आणि तोंड फिरवलं. एवढा धिप्पाड माणूस, शर्टात हरवला होता. जेवताना मावशींनी मुद्दाम मोठ्यानं सांगितलं, सकाळी देवळात काय व्हायचंय ते. आबा जेवत राहिले.

पहाटे मावशी आवरून दारात उभ्या राहिल्या. "यायचं न्हाई तर नगा येऊ," त्या म्हणाल्या. "पर सांगून ठिवते, पखवाज तुमचा हाय. मंडळी बेताल म्हणली आन् गावानं तुमास्नी नावं ठिवली तर मला बोलायचं न्हाई." आणि चालू लागल्या. आम्ही त्यांच्यामागं. देवळापाशी पोचेपर्यंत मी मागं वळून बघितलं नाही, भीतीच वाटत होती. आत स्पीकर जोडत होते तेव्हा काठीचा आवाज आला. आबा आले. आत आले नाहीत, दारातल्या खांबाला टेकून बसले, पाठ अर्धी आमच्याकडं.

देवळात वीसेक माणसं, कानटोप्या आणि मफलरी बांधलेली. काकडा सगळा झाल्यावर शेवटी तो गजर घ्यायचं ठरलं होतं. मी पखवाज सुरू केला. पहिल्यांदा मंडळी थाप ऐकत बसली आणि म्हणायचंच विसरली. दुसऱ्यांदा उशिरा उचललं, सगळा घोळ. कारण आजवर मंडळी म्हणायची आणि आबा त्यांना सांभाळून घ्यायचे. आता हा पखवाज कुणासाठी थांबत नव्हता, आता मंडळींनी आबांना धरून चालायचं होतं. तिसऱ्यांदा जमलं. टाळ बसले, आवाज चढले, देऊळ भरून गेलं. मला तर आत जाऊन नाचावंसं वाटत होतं.

लय दुप्पट झाली आणि मंडळी नेहमीसारखी सुटली, पखवाजाच्या पुढं पळाली. आणि स्पीकरमधून खणखणीत आवाज आला, "आरं पळताय कुठं? यष्टी चुकणार हाय का?"

म्हणता म्हणताच सगळ्यांनी स्पीकरकडं बघितलं. आबांचा आवाज! आजारपणाच्या आधीचा, धडधाकट. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. रेकॉर्डिंगच्या वेळी आबा वाजवता वाजवता मंडळींना झापायचे, पखवाजाच्या माईकमध्ये ते सगळं गेलं होतं. गाणं तयार करताना मी त्या जागा दाबून टाकल्या होत्या. पण आता घाईत काढली ती मूळ पट्टी, न दाबलेली. आणि मंडळी सहा-सात वर्षांनंतरही नेमकी त्याच ठिकाणी पळाली होती.

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि मग सगळंच देऊळ हसायला लागलं, पण भजन थांबलं नाही. मंडळी लगाम ओढल्यासारखी लयीत आली. चार आवर्तनं झाली नाहीत तोच स्पीकर पुन्हा कडाडला, "ए टाळवाल्या, जागा हायस का?" पुढच्या रांगेतला टाळवाला तेव्हा मफलर नीट करत होता. त्यानं दचकून टाळ असे उचलले की शेजारच्याच्या टोपीला लागले. मावशी पदरात तोंड घालून हसत होत्या, की रडत होत्या, मला तेव्हा कळलं नाही. मी खांबाकडं बघितलं. आबा पुरते आमच्याकडं वळून बसले होते आणि उजवा हात मांडीवर पडत होता, थापेला थाप.

शेवटाकडं मंडळी पुन्हा रंगात आली. आवाज टिपेला, टाळ बेफाम. आता पळणार, हे मलाही कळत होतं.

"हळू!"

हा आवाज स्पीकरमधून आला नव्हता. तो दारातून आला होता. जड, ओला, अर्धा गिळलेला, पण बरोब्बर समेवर. त्यानंतर क्षणभरानं स्पीकरमधले आबा म्हणाले, "हळू!"

सगळ्यांच्या माना दाराकडं वळल्या. मावशी उठून उभ्या राहिल्या आणि सगळ्या देवळाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "ऐकाया आलं न्हाई व्हय रं? ह्ये हळू म्हणत्यात!"

आणि मंडळी हळू झाली.